डिचोलीहून जुळ्यांचं बाळंतपण: प्रसूती-नवजात रुग्णालय निवडताना नेमकं काय तपासायचं?

वाळवंटीकाठ (प्रश्न)

वहिनीसाठी विचारतोय. पहिलं बाळंतपण, जुळी, आता ३० आठवडे पूर्ण. सोनोग्राफीत दोन पिशव्या आणि दोन वेगवेगळ्या वारा (प्लासेंटा) असं लिहिलंय. रक्तगट ओ निगेटिव्ह, दादाचा पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन ९.८. बीपी अजून ठीक. ३७ आठवडे बरोबर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास भरतात.

पर्याय तीन आहेत. डिचोलीतलं नर्सिंग होम, जिथं आतापर्यंत तपासणी झाली. पणजीच्या बाजूचं एक खाजगी माता-बाल रुग्णालय, ‘आमच्याकडे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे’ असं सांगणारं. आणि सरकारी, म्हणजे म्हापशाचं जिल्हा रुग्णालय किंवा थेट बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ). घरात प्रत्येकाचं मत वेगळं. रुग्णालयात जाऊन नेमके कोणते प्रश्न विचारायचे, ते जाणकारांनी सांगावं. ‘चांगलं आहे’, ‘महाग आहे’ एवढ्यावर आमचं काही ठरत नाही.

नवजात_सिस्टर_फोंडा

‘एनआयसीयू आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या पातळीचा, ते विचारा. नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरमच्या वर्गवारीत साधारण असं धरतात: पहिली पातळी १८०० ग्रॅमच्या वरच्या किंवा ३४ आठवडे भरलेल्या बाळांसाठी, दुसरी १२०० ते १८०० ग्रॅम किंवा ३० ते ३४ आठवड्यांसाठी, आणि तिसरी त्याहून लहान बाळांसाठी. जुळ्यांतली निम्म्याहून अधिक ३७ आठवड्यांच्या आधीच येतात. आज ३० आठवडे झालेत, म्हणून आज कळा आल्या तर कुठे जायचं आणि ३६ आठवड्यांना आल्या तर कुठे, याची उत्तरं वेगळी असू शकतात. दोन्ही आजच ठरवून ठेवा.

व्हेंटिलेटर किती आहेत हे विचारून फारसं कळत नाही, मशीन कोणीही विकत घेतं. हे विचारा:

रात्री दोन वाजता एनआयसीयूत कोण असतं? बालरोगतज्ज्ञ इमारतीत असतात की फोन केल्यावर घरून येतात? येतात तर किती मिनिटांत? रात्रपाळीला एका नर्सकडे किती बाळं? व्हेंटिलेटरवरच्या बाळाला एक नर्स, फार तर दोघांत एक. एकच सिस्टर सहा बाळं आणि वर वॉर्डही सांभाळत असेल, तर मशीन कितीही भारी असो, सलाईनची सुई सुजलेली किंवा बाळाचा श्वास थांबलेला उशिरा लक्षात येणार.

ऑक्सिजन ब्लेंडर आहे का? याचा अर्थ: ऑक्सिजन आणि हवा मोजून मिसळणारं साधन. कमी दिवसांच्या बाळाला शंभर टक्के ऑक्सिजन सतत मिळाला तर डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि दृष्टी जाऊ शकते. ऑक्सिजनवरच्या अशा बाळाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवतात. मॉनिटरवर सारखं ९९-१०० दिसत असेल आणि कोणी ऑक्सिजन कमी करत नसेल, तर त्या युनिटला हा विषय कळलेला नाही. बबल सीपॅप रोज वापरात आहे का, हेही विचारा. ३२-३४ आठवड्यांच्या बऱ्याच बाळांना घशात नळी न घालता नाकातून साधारण ५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबानं निभावतं. ज्यांना सीपॅप नीट येत नाही ते एकतर नळी घालायची घाई करतात, नाहीतर नुसता ऑक्सिजन देत बसतात.

सर्फॅक्टंट फ्रिजमध्ये आत्ता आहे का, की लागल्यावर नातेवाइकांनी चिठ्ठी घेऊन फार्मसीत पळायचं? फुप्फुसं कच्ची असलेल्या बाळाला हे औषध पहिल्या दोन तासांत मिळालं तर खरा उपयोग. चवथीला फार्मसी शोधत फिरणं परवडणार नाही.

आता एक गोष्ट जी कोणी विचारत नाही आणि जिच्यावर फार काही अवलंबून असतं: ऑपरेशन थिएटरचं तापमान. डॉक्टर गाऊन-ग्लोव्हजमध्ये घामाघूम होतात म्हणून एसी १८ वर असतो. ओलं बाळ त्या हवेत काही मिनिटांत गार पडतं. आपल्याकडे उकाडा आहे म्हणून बाळ थंड पडणार नाही हा समज चुकीचा. अंगावरचं पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं, बाहेर मे महिना असला तरी. प्रसूतीच्या वेळी खोली २५ अंशांच्या वर हवी, रेडियंट वॉर्मर (बाळाला वरून ऊब देणारा हीटर) २०-३० मिनिटं आधी चालू हवा आणि टॉवेल गरम केलेले हवेत. ३२ आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला न पुसता गळ्यापर्यंत स्वच्छ प्लास्टिक पिशवीत ठेवून डोक्यावर टोपी घालतात आणि मग वॉर्मरखाली घेतात. बाळ ३६.५ ते ३७.५ अंशांत राहायला हवं. गारठलेल्या बाळाची साखर उतरते, श्वास बिघडतो, पुढचं सगळं अवघड होतं.

आणि जुळी आहेत. सगळं दोन हवं: दोन वॉर्मर, दोन अँबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याच्या पिशव्या), बाळाला श्वास देता येणारी दोन माणसं. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कनं श्वास सुरू व्हायला हवा. एकच डॉक्टर पहिल्या बाळाला श्वास देत असताना दुसरं आलं, तर त्याच्याकडे कोण बघणार? हा प्रश्न थेट विचारा.

भूल_विभाग

वरचं सगळं बाळांच्या बाजूनं झालं. आईच्या बाजूनं मला यात तीन धोके दिसतात आणि तिन्ही रक्ताशी जोडलेले आहेत.

पहिला, हिमोग्लोबिन ९.८. जुळ्यांत गर्भाशय जास्त ताणलेलं असतं, बाळंतपणानंतर ते पटकन आवळत नाही, म्हणून रक्तस्राव जास्त होतो. ११ च्या वर गेलेली बाई अर्धा-पाऊण लिटर रक्त गेलं तरी तरते, ९ वाली लगेच अडचणीत येते. हातात पाच-सहा आठवडे आहेत, त्यांचा उपयोग करा. लोहाची गोळी कॅल्शियमच्या गोळीसोबत, दुधासोबत किंवा चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. कोकमाचं किंवा लिंबाचं सरबत बरोबर चालतं. गोळ्या नियमित घेऊनही महिन्यात एक अंकानं वाढ झाली नाही, किंवा गोळ्यांनी उलट्या होत असतील, तर शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारा. ३६ व्या आठवड्यात सुचून उपयोग नाही, कारण त्यालाही परिणाम दाखवायला दोन-तीन आठवडे लागतात.

दुसरा, ओ निगेटिव्ह. या गटाला फक्त ओ निगेटिव्हच रक्त चालतं आणि ते कमी लोकांत मिळतं. सरकारी रक्तपेढ्या बांबोळीला गोमेकॉत, म्हापशाला उत्तर गोवा जिल्हा रुग्णालयात आणि मडगावला दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालयात आहेत. खाजगी ठिकाणी विचारा की त्यांची स्वतःची रक्तपेढी आहे, साठवण केंद्र आहे, की दर वेळी माणूस पिशवी आणायला पळतो. पर्वरीच्या कोंडीत पिशवी अडकली तर थिएटरमधली बाई थांबत नाही. प्रसूतीची तारीख जवळ आली की दोन पिशव्या क्रॉसमॅच करून (वहिनींच्या रक्ताशी जुळवून) राखीव ठेवायला सांगा. नात्यात ओ निगेटिव्ह कोण आहे याची यादी आजच करा आणि त्यांना सांगून ठेवा. मात्र चार जणांचं रक्त आधीच काढून ठेवू नका. पिशवीची मुदत असते, ती फुकट जाते.

तिसरा, अँटी-डी, म्हणजे बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध निगेटिव्ह आईच्या अंगात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते इंजेक्शन. २८ आठवड्यांना इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी (अशी प्रतिपिंडं आधीच आहेत का ते बघणारी) करून, ती निगेटिव्ह असेल तर ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन देतात. ते झालंय का, फाईल उघडून बघा. राहिलं असेल तर या आठवड्यातच विचारा. बाळंतपणानंतर बाळांचा गट पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत पुन्हा द्यायचं. इंजेक्शन रुग्णालयात ठेवलेलं असतं का, हेही विचारा. सुट्टीच्या दिवशी बाहेर मिळवताना तारांबळ उडते. जुळ्यांत बाळांचं रक्त आईच्या रक्तात जास्त मिसळलेलं असू शकतं, तेव्हा एक मात्रा पुरेल का, हे ठरवणारी चाचणी करतात का, तेही विचारून घ्या.

भूलतज्ज्ञांबद्दल: दुसऱ्या जुळ्याच्या वेळी कधीकधी ऐनवेळी सिझेरियन करावं लागतं, पहिलं नैसर्गिक झालं तरी. दुसरं आडवं फिरतं किंवा त्याचे ठोके पडतात. निर्णय झाल्यापासून अर्ध्या तासात बाळ बाहेर यायला हवं, आणि खरं तर त्याहून लवकर. भूलतज्ज्ञ गावभर चार ठिकाणी फिरणारे असतील तर हे जमणार नाही. जुळ्यांचं बाळंतपण लेबर रूममध्ये करायचं असेल तर भूलतज्ज्ञ त्या मजल्यावर हवेत, फोनवर असून भागत नाही.

प्रसूती झाली की धोका टळला असं घरच्यांना वाटतं. पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भाशय कडक आहे का आणि रक्त किती गेलं हे बघायला हवं. रक्त अंदाजानं सांगतात की मापाच्या पिशवीत मोजतात, विचारा. डोळ्यांचा अंदाज हमखास कमी निघतो. ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध) प्रत्येक ठिकाणी असतंच, पण ते फ्रिजमध्ये ठेवतात की ट्रेवर उघड्यावर, हे बघून घ्या. गोव्याच्या उकाड्यात बाहेर राहिलेल्या ऑक्सिटोसिनचा जोर कमी होतो.

वाळवंटीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. आज फोन केले. अँटी-डी झालंय, २८ ला. खाजगी रुग्णालयाची उत्तरं: बालरोगतज्ज्ञ रात्री घरून येतात, २० मिनिटांत. सीपॅप आहे. ब्लेंडरबद्दल ‘विचारून सांगतो’. सर्फॅक्टंट मागवावं लागतं. भूलतज्ज्ञ बाहेरून. रक्त पणजी-बांबोळीहून आणतात. ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ ते स्वतःच गोमेकॉला पाठवतात म्हणाले.

आता घरात असं चाललंय की प्रसूती या खाजगी रुग्णालयातच करू, बाळांना गरज पडली तर रुग्णवाहिकेनं बांबोळीला नेऊ. हे बरोबर आहे का?

१०८_मार्ग

नाही. या पूर्ण धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कमी दिवसांच्या बाळाला हलवायची सगळ्यात चांगली पेटी म्हणजे आईचं पोट. जन्मानंतर दीड किलोचं बाळ रुग्णवाहिकेत घातलं की चार गोष्टी बिघडतात: ते गार पडतं, साखर उतरते, खड्ड्यांत नळी सरकते आणि रस्त्यात काही झालं तर अरुंद जागेत हात चालत नाहीत. शिवाय आई एकीकडे, बाळं दुसरीकडे. दुधाचं काय? संमतीच्या सह्या कोण करणार? जुळ्यांत एक बाळ इथे आणि एक तिथे, अशीही वेळ येते.

म्हणून ३४ आठवड्यांच्या आत काहीही वेगळं वाटलं तर थेट जिथं बाळं ठेवतील तिथंच आईला न्या. डिचोलीहून म्हापसा जवळ पडतं, पण आधी जवळच्या ठिकाणी जाऊ, मग ते पुढे पाठवतील, असं केलं की दोन ठिकाणी दाखल होण्यात वेळ जातो. ३०-३२ आठवड्यांना मी सरळ बांबोळी सांगेन. ३४ नंतर म्हापशाचा विचार होऊ शकतो, मात्र तिथं त्या दिवशी दोन बाळांसाठी जागा आहे का, हे फोनवर विचारून.

निघायचं कधी: ठराविक अंतरानं पोट कडक होणं, पाणी जाणं, थेंबभरही रक्त, बाळांची हालचाल मंदावणं, डोकं दुखून डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं. शेवटच्या दोन खुणा वाढलेल्या बीपीच्या आहेत आणि जुळ्यांत बीपी अचानक चढतं. ‘थोडं बघू, पेज घेऊन झोपू दे’ यात जाणारा एक-दीड तास सगळ्यात महाग पडतो.

डिचोलीच्या डॉक्टरांकडून एक गोष्ट हक्कानं मागा. ३४ आठवड्यांच्या आत कळा असतील तर पुढे पाठवण्यापूर्वी डेक्सामेथासोनचा पहिला डोस तिथंच. पूर्ण कोर्स ६ मिलिग्रॅमचे चार डोस, दर १२ तासांनी एक, दंडात किंवा मांडीत. बाळाची फुप्फुसं तयार व्हायला त्याचा उपयोग होतो, पूर्ण परिणामाला साधारण २४ तास लागतात. म्हणून पहिला डोस ‘तिकडे गेल्यावर देतील’ म्हणून ठेवायचा नाही. दिला की वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. वहिनींना मधुमेह असेल तर या इंजेक्शननं साखर वाढते, ते पुढच्या डॉक्टरांना सांगा.

१०८ ला फोन करताना ‘पेशंट सिरीयस आहे’ एवढंच सांगू नका. ‘३१ आठवडे, जुळी, पाणी गेलंय, ओ निगेटिव्ह’ असं सांगा. गाडीत डाव्या कुशीवर झोपवा. फाईलमध्ये ११ ते १४ आठवड्यांची सोनोग्राफी सगळ्यात वर ठेवा. वारा एक की दोन हे त्यातच सगळ्यात खात्रीनं कळतं, नंतरच्या सोनोग्राफीत ओळखणं कठीण. दोन वेगळ्या वारा असतील आणि बाकी सगळं ठीक असेल तर ३७-३८ आठवड्यांना प्रसूती करतात, एक वार असेल तर त्याआधी.

चवथीबद्दल: त्या दोन दिवसांत रस्ते भरलेले, दुकानं बंद, रुग्णालयात मोजकी माणसं. ३७ आठवडे त्यातच येत असतील तर तारीख आधी ठरवून दाखल व्हायचं का, हे ३४ व्या आठवड्याच्या तपासणीत विचारा. सोय म्हणून ३७ च्या आत ओढायची मात्र नाही.

साखळीचा_सुहास

खर्चाचं थोडक्यात. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी फुकट आहे. आजारी बाळालाही एक वर्षापर्यंत. खाजगीत दाखल व्हायचं असेल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का बघा, नूतनीकरण राहिलेली कार्डं बरीच निघतात. वहिनींचं नाव त्यावर आहे का तेही बघा, लग्नानंतर ते माहेरच्या कार्डावरच राहून जातं. कोणतं पॅकेज चालतं ते रुग्णालयाकडून लेखी घ्या. खाजगी विमा असेल तर नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, हे पॉलिसीत वाचा. पुष्कळ पॉलिसींत ते ९० दिवसांनंतर सुरू होतं, आणि एनआयसीयूचं बिल पहिल्याच आठवड्यात येतं. जुळ्यांना दोन खाटा, दोन बिलं, हे धरूनच हिशेब करा.

जन्मनोंदणी २१ दिवसांत. दोन बाळांचे दोन फॉर्म. आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, हे रुग्णालयातून निघण्यापूर्वीच बघा.

नवजात_सिस्टर_फोंडा

१०८_मार्ग यांच्याशी पूर्ण सहमत. खाजगी रुग्णालयाची उत्तरं प्रामाणिक आहेत, ‘३४ च्या आतलं आम्ही ठेवत नाही’ असं स्पष्ट सांगणारी जागा मला विश्वासाची वाटते. पण या बाईसाठी ३४ नंतरही ती पुरेशी आहे असं मी म्हणणार नाही. भूलतज्ज्ञ बाहेरून, रक्त बाहेरून, आणि जुळी. यांतली एक गोष्ट कमी असती तर विचार करता आला असता.

दुधाबद्दल लिहिते, कारण बाळ एनआयसीयूत गेलं की सगळं लक्ष मॉनिटरकडे जातं. बाळ ओढत नसलं तरी पहिल्या एक-दोन तासांत आईनं हातानं चीक काढायला सुरुवात करायची. पहिल्या दिवशी अर्धा-एक मिलिलिटरच येतो, तो बाटलीत काढला तर काठालाच चिकटून संपतो. १ किंवा २ मिलिलिटरची सुईशिवायची सिरिंज थेंबाला लावून ओढून घ्या. दिवसातून आठ ते दहा वेळा, त्यांतली एक रात्री दोन-तीनच्या सुमाराला. ‘अजून दूध आलं नाही’ म्हणून दोन दिवस काहीच काढलं नाही तर जुळ्यांना पुरेल एवढं नंतर येणं अवघड होतं. काढलेलं दूध साध्या तापमानाला चार तास, फ्रिजमध्ये २४ तास. प्रत्येक डब्यावर नाव, तारीख, वेळ.

कांगारू पद्धत: बाळ फक्त लंगोट-टोपीत आईच्या उघड्या छातीवर, उभं, बेडकासारखे पाय दुमडून, मान किंचित वर, वरून कापडानं बांधलेलं. जमेल तितका जास्त वेळ, दिवसाला आठ तासांहून अधिक. जुळ्यांत एक आईकडे, एक वडिलांकडे. वडिलांना आत सोडत नाहीत अशी रुग्णालयं आहेत, आधी विचारा.

३५-३६ आठवड्यांची बाळं फसवी असतात. दिसतात भरलेली, आईजवळच ठेवतात, पण ओढता ओढता झोपतात. त्यांना दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं, रडण्याची वाट बघायची नाही. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, १० टक्क्यांच्या वर उतरलं तर दाखवा. पाचव्या दिवसापासून दिवसाला किमान सहा वेळा लघवी हवी. वहिनींचा गट ओ, त्यात निगेटिव्ह, म्हणजे बाळांना कावीळ व्हायची शक्यता दोन कारणांनी आहे. जन्मताच नाळेच्या रक्तातून गट आणि कूम्ब्स, घरी सोडण्यापूर्वी बिलिरुबिन (काविळीचं माप) आणि दोन दिवसांत पुन्हा तपासणी. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला तर लगेच सांगायचं. सकाळच्या उन्हात ठेवून कावीळ उतरत नाही.

घरी नेण्यापूर्वी कार्डावर बघा: व्हिटॅमिन के, बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी, २४ तासांनंतर उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिजनचं माप, टाचेच्या रक्ताची थायरॉइडची चाचणी, कानांची तपासणी. घरी गेल्यावर नाळेला काही लावायचं नाही, मध-घुटी नाही, काजळ नाही, बाळंतिणीच्या खोलीत धुरी नाही. आजीला वाईट वाटेल, तरी नाही. बाळ दूध ओढेनासं झालं, श्वास मिनिटाला ६० च्या वर गेला, छाती आत खेचली जायला लागली, अंग गार किंवा गरम लागलं, तळवे पिवळे झाले, तर उद्याची वाट बघू नका.

वाळवंटीकाठ

ठरलं. या आठवड्यात बांबोळीला नाव नोंदवतो, डिचोलीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन. नेहमीच्या तपासण्या त्यांच्याकडेच चालू ठेवू. एक शेवटचं: डोळ्यांची तपासणी फक्त फार लहान बाळांनाच लागते ना? आमची ३५ आठवड्यांना आली तर?

नवजात_सिस्टर_फोंडा

आठवडे आणि वजन दोन्ही बघायचं. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमच्या आत, यांतलं एक जरी लागू झालं तरी तपासणी हवी. जुळी ३५ आठवड्यांना आली तरी एखादं १८००-१९०० चं असतंच. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाला बरेच दिवस ऑक्सिजन लागला किंवा जंतुसंसर्ग झाला, तरी दाखवायचं. पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत, आणि २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १२०० ग्रॅमच्या आतल्या बाळाची दोन-तीन आठवड्यांनाच. ती रेटिनाच्या डॉक्टरांकडून, डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब घालून करतात. बाळ तोवर घरी आलेलं असतं आणि बरं दिसतं, त्यामुळे हीच तारीख चुकते. डिस्चार्जच्या कागदावर दोन्ही बाळांची तारीख वेगवेगळी लिहून घ्या.